वाळवंटाची झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. मूठ उघडली आणि आत काहीच नसले तर अब्रू जाईल, म्हणून ती झाकलेलीच बरी, हा त्या म्हणीतला व्यवहार. माणसांच्या बाबतीत तो चालून जातो. जमिनीच्या बाबतीत मात्र तो दोन्ही बाजूंनी महागात पडतो. एखाद्या राखीव रानाखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नसले, की खाणवाल्याला तिथे सोन्याची लंका दिसू लागते. रान राखणाऱ्याला वाटते, बघूच नका. बघितले तर काहीतरी निघेल आणि मग रान जाईल. एकाची हाव आणि दुसऱ्याचे भय, दोन्ही एकाच अज्ञानावर पोसली जातात.

तेव्हा प्रश्न असा की, जी जमीन कायमची राखायची असे एखाद्या समाजाने ठरवले, तिच्या पोटात काय आहे ते मोजावे की मोजू नये? माझे उत्तर आहे, जरूर मोजावे. मात्र कोणी मोजायचे, कशाने मोजायचे आणि मोजून झाल्यावर त्या आकड्यांचे काय करायचे, हे आधी ठरवून मगच मोजावे. अमेरिका गेली साठ वर्षे या प्रश्नाशी झुंजते आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील मोहावीचे वाळवंट. आज हा विषय काढण्याचे निमित्तही तिथेच घडले आहे, आणि त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

लॉस एंजलिसहून लास व्हेगासला जाणारा हमरस्ता या वाळवंटातून जातो. गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला हा सारा मुलूख रिकामा वाटतो. प्रत्यक्षात तिथे केल्सोच्या उंचच उंच वाळूच्या टेकड्या आहेत, सिमा डोमच्या उतारावर जोशुआ वृक्षांचे रान आहे, आणि बिळात राहून उन्हाळा काढणारे वाळवंटी कासव आहे. हे कासव १९९० पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायदा केला. त्यातून ‘मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह’ हा सुमारे पंधरा-सोळा लाख एकरांचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या दीडपटीहून मोठा टापू राखीव झाला. त्यातला जवळजवळ निम्मा भाग ‘विल्डरनेस’ म्हणून घोषित आहे. या शब्दाला मराठीत नेमका पर्याय सापडत नाही. रान म्हणावे तर झाडी डोळ्यांपुढे येते, ओसाडी म्हणावे तर त्यात तुच्छता येते. जिथे माणसाने पाहुण्यासारखे जावे आणि पाहुण्यासारखे परतावे, अशी जमीन, एवढाच त्याचा अर्थ घेऊ या.

या कल्पनेला कायद्याचे रूप मिळाले ३ सप्टेंबर १९६४ रोजी. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी विल्डरनेस कायद्यावर सही केली आणि पहिल्याच दिवशी सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याच्या छत्राखाली आली. पण हा कायदा संमत होण्यासाठी एक तडजोड करावी लागली होती. खाण उद्योगाला वीस वर्षांची सवलत देण्यात आली. ३१ डिसेंबर १९८३ च्या मध्यरात्रीपर्यंत या राखीव जमिनींतही खनिजांवर नवे दावे लावता येतील, त्यानंतर दार बंद. आधीचे कायदेशीर हक्क तेवढे शाबूत राहतील, असे ठरले. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते आणि ब्युरो ऑफ माइन्स यांनी या जमिनींची खनिज-पाहणी करावी, ती रानाच्या स्वभावाला धक्का न लावता करावी, आणि निष्कर्ष जनतेपुढे, अध्यक्षांपुढे व काँग्रेसपुढे ठेवावेत. १९७६ च्या दुसऱ्या एका कायद्याने हीच अट वाळवंटातील सरकारी जमिनींना लागू केली. कोणताही टापू विल्डरनेस करावा अशी शिफारस करण्यापूर्वी त्याची खनिज-पाहणी सक्तीची झाली.

हे कलम इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी अमेरिकेचा १८७२ चा खाण कायदा आठवावा लागतो. सरकारी जमिनीवर जावे, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात, खनिज सापडल्याचा दावा नोंदवावा, आणि ते काढावे, असा तो सोन्यामागे धावणाऱ्यांच्या काळातला कायदा. काढलेल्या धातूवर सरकारला स्वामित्वधन देण्याची तरतूद त्यात नव्हती, आजही नाही. एकरी अडीच ते पाच डॉलरांत ती जमीन मालकीची करून घेण्याची सोय होती. नव्या अर्जांपुरती ती १९९४ पासून गोठवण्यात आली. अशा कायद्याच्या राज्यात जमिनीत काय आहे हे फक्त खुंटी ठोकणाऱ्याला ठाऊक असे, आणि तो सांगेल तेच खरे मानावे लागे. सरकारी पाहणीने ही मक्तेदारी मोडली. मूठ उघडली, ती चारचौघांसमोर.

ही पाहणी होते तरी कशी? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तिचाच हा मोठा अवतार आहे. प्रथम जुनी दप्तरे चाळायची. कोणत्या डोंगरात कधी कोणी खणले, किती चांदी काढली, कोणते दावे मोडीत निघाले, हे ब्युरो ऑफ माइन्सचे लोक शोधत. हे खाते १९९६ मध्ये बंद झाले. भूशास्त्रज्ञ दरम्यान खडकांचा नकाशा तयार करीत. कोणता खडक कोणावर चढला आहे, कुठे भेग आहे, कुठे उष्ण द्रवांनी खडकाचा रंग पालटला आहे, हे पायी हिंडून टिपायचे. मग कोरड्या ओढ्यांची पाळी येते. वाळवंटात वर्षातून एखाद-दुसरा पाऊस कोसळतो, पण तो सगळ्या डोंगराचा भुगा ओढ्यात आणून टाकतो. त्या ओढ्यातली मूठभर बारीक वाळू चाळून प्रयोगशाळेत तपासली, की वरच्या सबंध पाणलोटात तांबे आहे का, सोने आहे का, टंगस्टन आहे का, याचा सुगावा लागतो. जोडीला विमानातून चुंबकीय मोजणी, किरणोत्साराची मोजणी, गुरुत्वाकर्षणातील बारीकसारीक फरकांची नोंद. एवढे झाल्यावर जगातल्या ओळखीच्या खनिज-साठ्यांशी तुलना करायची: अमुक प्रकारचे सोने अशाच खडकांत, अशाच भेगांत सापडते, तशी परिस्थिती इथे आहे का?

शेवटी निकाल लिहिला जातो, आणि तो लिहिण्याची पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. खनिज असण्याची शक्यता मोठी, मध्यम, थोडी, मुळीच नाही, की सांगता येत नाही, हा एक रकाना. आणि या मताबद्दल आमची स्वतःची खात्री किती, हा दुसरा रकाना. परीक्षेत उत्तरासोबत ‘हे उत्तर मला कितपत येते’ हेही लिहायला लावावे, तसा हा प्रकार. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतला फरक इतक्या स्पष्टपणे मांडणारी सरकारी कागदपत्रे विरळाच. भूशास्त्रज्ञ आणखी एक भेद कसोशीने पाळतात. जमिनीत धातू असणे वेगळे, आणि तो आजच्या भावात, आजच्या यंत्रांनी, कायद्याच्या चौकटीत राहून फायद्याने काढता येणे वेगळे. पहिले निसर्गाच्या हातात असते, दुसरे बाजाराच्या. वर्तमानपत्रांतल्या ‘अब्जावधींचा खजिना सापडला’ अशा मथळ्यांत नेमका हाच भेद पुसला जातो.

इथवर सगळे चांगले. पण या मोजणीचा उपयोग कसा झाला, हे पाहिले की मन थोडे साशंक होते. राखीव टापूंच्या सीमा आखताना पुष्कळदा हिशेब असा झाला की, जिथे खनिज आहे तेवढे बाहेर ठेवा, उरलेले राखून ठेवा. मोहावीच्या पूर्व कडेला कॅसल माउंटन नावाची सोन्याची खाण आहे. १९९४ मध्ये राखीव क्षेत्राची हद्द आखली तेव्हा ती तिच्या बाजूने वळसा घेऊन गेली. खाण २००१ मध्ये थांबली. २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामांनी भोवतालची सुमारे २१ हजार एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. तेव्हाही मधला खाणीचा तुकडा वगळण्यात आला. २०२० मध्ये खाण पुन्हा सुरू झाली. नकाशावर हे स्मारक मधोमध भोक पडलेल्या भाकरीसारखे दिसते. तडजोड म्हणून मी हे समजू शकतो. पण त्यातून एक घातक शिकवण रुजते: संरक्षण हे उरलेल्या जमिनीचे असते. जिथे काही मिळत नाही, तिथे निसर्गप्रेम करावे.

ही शिकवण घातक का, ते त्याच राखीव क्षेत्राच्या कडेला, हद्दीबाहेर असलेल्या माउंटन पास या खाणीने दाखवून दिले आहे. १९४९ मध्ये युरेनियमच्या शोधात निघालेल्या दोघा-तिघांना तिथे किरणोत्सारी खडक सापडला. युरेनियम निघाले नाही. निघाले बास्टनेसाइट नावाचे खनिज, ज्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असतात. तेव्हा त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. पुढे १९६० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी आली. पडद्यावरचा लाल रंग उजळण्यासाठी युरोपियम लागू लागले, आणि ही आडरानातली खाण जगाची मुख्य पुरवठादार झाली. नंतर चीनचा स्वस्त माल आला. इथे १९९६ मध्ये सांडपाण्याची नळवाहिनी फुटून दूषित पाणी वाळवंटात पसरले, आणि २००२ मध्ये खोदकाम थांबले. २०१२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, २०१७ मध्ये नवे मालक आले, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्या मालक कंपनीतला सर्वांत मोठा भागधारक होण्याचा करार केला. पाऊण शतकात खडक तोच राहिला, भाव मात्र किती वेळा फिरला!

याचा अर्थ स्पष्ट आहे. खनिजांची कोणतीही मोजणी त्या-त्या काळाच्या गरजांच्या चष्म्यातून होते. आज ज्या खडकापुढे ‘शक्यता थोडी’ असे लिहिले, त्याच खडकामागे उद्या जग धावू शकते. म्हणून ‘खाली काही नाही’ या भरवशावर उभे केलेले संरक्षण हे भाडेकराराच्या घरासारखे असते. भाव वाढला की मालक दारात उभा.

आणि तो उभा राहिलाच आहे. मोहावी राखीव क्षेत्राच्या हद्दीत कलोसियम नावाची सोन्याची एक जुनी खाण आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती बंद पडली होती. तिचे हक्क आता एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे आहेत. माउंटन पास जवळच असल्याने इथेही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असावीत, असा त्या कंपनीचा होरा. उद्यान खात्याशी तिचा वाद चालू होता. एप्रिल २०२५ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने जाहीर केले की, जुन्या आराखड्यानुसार या खाणीला काम चालू ठेवता येईल. त्याच महिन्यात चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले होते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारीत हे चुंबक लागतात. चुंबक मिळाले नाहीत तर गाड्यांचे उत्पादन ठप्प होईल, असा इशारा त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पुण्याच्या वाहन उद्योगालाही द्यावा लागला. मोहावीच्या डोंगरातला खडक आणि आपल्या दारातली विजेची स्कूटर यांचे नाते असे आहे.

इथे खाणीच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, आणि तो हसून सोडून देण्यासारखा नाही. विजेच्या गाड्या हव्यात, पवनचक्क्या हव्यात, धूर नको. मग धातू कुठून आणणार? आपले वाळवंट राखायचे आणि आपल्यासाठी दुसऱ्याने मंगोलियाच्या सीमेवरचे बायान ओबोचे रान खणायचे, ही कोणती नीती? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर राखीव रानात सापडत नाही. माउंटन पासचा खडक अनेक वर्षे शुद्धीकरणासाठी चीनला पाठवावा लागत होता. ते एप्रिल २०२५ मध्ये थांबले. म्हणजे उणीव कारखान्यांची होती, खडकाची नव्हे. आपल्याकडेही केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, हे कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. अडले आहे ते त्यापासून धातू आणि धातूपासून चुंबक बनवण्यापाशी. घरातल्या कणग्या भरलेल्या असताना जात्याची दुरुस्ती करायची सोडून देवराईत नांगर घालणे, हे शहाणपण नव्हे.

मोजणीत आणखी एक खोट राहते. ती एकाच बाजूची असते. खडकातले सोने टनामागे किती ग्रॅम ते लिहिले जाते. वर काय आहे त्याचा रकाना कोराच राहतो. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन यांच्या रणगाड्यांनी या वाळवंटात सराव केला. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा ऐंशी वर्षांनंतरही काही ठिकाणी दिसतात. आपल्याकडे एका पावसाळ्यात गवत सगळे झाकून टाकते. तिथे एकदा उठलेला ओरखडा पिढ्यान्पिढ्या बुजत नाही. मोहावीत क्रिओसोट नावाच्या झुडुपाचे एक वर्तुळ आहे. एकाच मुळापासून पसरत गेलेल्या त्या झुडुपाचे वय शास्त्रज्ञांनी सुमारे ११,७०० वर्षे ठरवले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सिमा डोमवर आग लागली आणि दहा लाखांहून अधिक जोशुआ वृक्ष जळाले. ते परत केव्हा उभे राहतील, याला माणसाच्या आयुष्याची मोजपट्टी पुरत नाही. हे सारे साठेच आहेत. फक्त ते विकत घ्यायला कोणी येत नाही, म्हणून त्यांची नोंद होत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. २०२३ मध्ये आपल्या संसदेने वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती केली. वनजमिनीवरील प्राथमिक पाहणी, पूर्वेक्षण, शोधकाम हे अटी घालून वनेतर वापराच्या व्याख्येतून वगळण्याचा अधिकार तिने केंद्र सरकारला दिला. अभयारण्यांना वन्यजीव कायद्याचे वेगळे कवच आहे, आणि राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व त्यांच्या भोवतीच्या एक किलोमीटरमध्ये खाणकामाला असलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. तरीही मला खटकते ते हे की, या दुरुस्तीत सगळ्याच पाहण्या एका माळेत ओवल्या आहेत. हातोडा आणि चाळणी घेऊन ओढ्याकाठाने हिंडणारा भूशास्त्रज्ञ वेगळा, आणि रस्ता कापत, झाडे पाडत डोंगरात चढणारी बोअरची गाडी वेगळी. पहिली पाहणी आहे. दुसरी खाणीची पहिली पायरी आहे. जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी, जिथे माळढोक शेवटचा तग धरून आहे, हा फरक जीवन-मरणाचा ठरेल.

माझ्या मते तीन गोष्टी पाळल्या तर मोजणीला कोणी भिण्याचे कारण नाही. पहिली, ती सरकारी शास्त्रीय संस्थेने करावी आणि सगळी जनतेसमोर ठेवावी. ज्याला खाण हवी त्याच्याच पैशाने, त्याच्याच कपाटात राहणारी मोजणी नको. दुसरी, राखीव जमिनीत ती हातोडा, चाळणी आणि आकाशातून होणाऱ्या मोजमापापुरतीच असावी. तिथे बोअर नको. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, खाली जे निघेल त्यासोबत वर जे आहे तेही त्याच कागदावर लिहावे, आणि संरक्षणाचा निर्णय भावाच्या चढउताराबरोबर पुन्हा उकरला जाऊ नये. तो बदलायचाच असेल तर संसदेत, सर्वांदेखत बदलावा. एखाद्या खात्याच्या परिपत्रकाने नव्हे.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल. त्यांना चंद्रपूरकडे बोट दाखवावेसे वाटते. ताडोब्याजवळच्या बंदर गटाखाली कोळसा आहे, हे लपलेले नव्हते. मूठ तिथे उघडीच होती. तरीही तो पट्टा वाघांच्या येण्याजाण्याचा आहे म्हणून महाराष्ट्रातून विरोध झाला आणि २०२० मध्ये तो गट लिलावातून वगळण्यात आला. खाली काय आहे हे पुरते ठाऊक असताना वरचे राखायचे ठरले, म्हणूनच त्या निर्णयाला वजन आहे. रिकाम्या तिजोरीला कुलूप लावण्यात कसला आला त्याग? भरलेली तिजोरी पाहून, मोजून, आणि तरीही हात मागे घेऊन जे राखले जाते, तेच खरे राखलेले. मोहावीच्या डोंगरांच्या बाबतीत अमेरिकेला आता हेच ठरवायचे आहे, आणि आज ना उद्या आपल्या माळांच्या आणि डोंगरांच्या बाबतीत तुम्हा-आम्हालाही.